नाणं चुकलं की चेपलं?

मंडळी, तो मेसेज तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असणार. ‘असं नाणं घरात असेल तर लखपती व्हाल!’ खाली वेड्यावाकड्या छापाच्या नाण्याचा फोटो आणि एक फोन नंबर. मग सुट्टीत गावी गेलं की देवघरातला डबा पालथा घातला जातो आणि चेपलेलं, घासलेलं प्रत्येक नाणं ‘मिंट एरर’ ठरतं.

टांकसाळीची चूक कुठली आणि नंतरची मोडतोड कुठली, हे कळायला भिंग घेण्याआधी पेणला एक चक्कर मारा. पेण किंवा हमरापूर-जोह्याच्या एखाद्या गणपती कारखान्यात जरा वेळ थांबा. साच्यातच खोट असेल, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीवर ती त्याच जागी दिसते. टेम्पोत धक्का बसून बोट तुटलं, तर ते त्या एकट्या मूर्तीचं. नाण्याचंही तसंच. ठशाला, म्हणजे डायला तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. पुढच्या नाण्यांवरही तीच, तिथेच. ओरखडा मात्र आत खोल जातो. नखाने चाचपून बघा, रेघ वर आलीय की आत गेलीय? अर्धी केस तिथेच निकालात.

तिथून पुढे रोहा. कोकण रेल्वे सुरू होते ती इथून, आणि रुळावर नाणं ठेवायचा उद्योग जिथे रेल्वे तिथे पोरांनी केलेलाच असतो (तुम्ही करू नका, गुन्हा आहे). चाकाखाली गेलेलं नाणं पातळ, लांबट होतं, चित्र फरपटतं. टांकसाळीतच छाप सरकला असेल तर प्रकार वेगळा: जेवढं उमटलंय तेवढं ठसठशीत, उरलेली चकती कोरी. चित्र पसरत नाही, अर्धवट राहतं.

आता जरा बारीक काम. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब असलेली नाणी बघितलीयत? पत्र्यातून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर पडला की असं होतं. खऱ्या चुकीत बरेचदा बरोबर समोरची कडही फिकी असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात तिथे पुरेसा दाबच मिळालेला नसतो. कानशीवाल्या कलाकारांच्या हे गावीही नसतं! तुकडा कापला, पण समोरची कड ठणठणीत.

सगळ्यात भाव खाते ती ‘लाखी’. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून बसतं आणि पुढच्या चकतीवर त्याचं आरशातलं, आत गेलेलं चित्र उमटतं. म्हणजे एकच चित्र, एका बाजूला सुलट, दुसऱ्या बाजूला उलट. नकली लाखी करायची तर दोन नाणी व्हाइसमध्ये आवळतात. पण मग उलटी अक्षरं मूळ चित्राच्या अंगावर चढलेली दिसतात. बघताक्षणी कळतं, बॉस.

वजनकाटाही हाताशी ठेवा. १९९२ मध्ये आलेला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, कॉपर-निकेलचं जाड पाचाचं नाणं ९ ग्रॅमचं. घासलेलं हलकं भरतं.

आणि काही गोष्टी चुकाच नसतात. वर्षाखालचा हिरा ही मुंबई टांकसाळीची खूण, तारा हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. दहाच्या नाण्याची १४ डिझाइन्स चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय. आपल्या रायगडाची शिवराई तर हातोड्याने पाडलेली. चकती ठशाहून लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर कडेबाहेर जाणारच. त्याला ‘एरर’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला हात जोडा.

आता त्या फोन नंबरचं. समोरचा नाणं न बघताच लाखांची बोली लावतो आणि आधी ‘कमिशन’ नाहीतर ‘टॅक्स’ भरायला सांगतो. कधी थेट रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुणाकडून पैसे घेत नाही. हे तुम्हाला कळतं हो. गावी मोबाइल नुकता शिकलेल्या काकांना फोन करून सांगा. आणि डब्यात तांब्याची शिवराई निघालीच, तर चिंच लावून ती लखलखीत करायच्या आत आजीच्या हातून काढून घ्या.