त्यागमूर्ती आणि तिचे हृदय

माता रमाईंचे स्मरण आपण त्यागमूर्ती म्हणून करतो, आणि ते यथार्थच आहे. दरवर्षी ७ फेब्रुवारीला जयंती आणि २७ मे रोजी स्मृतिदिन विहाराविहारांतून होतो. परंतु १९३५ साली दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते, या गोष्टीपाशी आपण फारसे थांबत नाही. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. रमाईंच्या त्यागाचा गौरव करता करता, आईने दुखणे अंगावर काढायचे असते असा धडा आपण नकळत मुलींना देत आहोत काय, असा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने मला विचारावासा वाटतो.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही समजूत अजून घट्ट आहे. वस्तुतः जगभर स्त्रियांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. पाळी थांबेपर्यंत शरीरातील इस्ट्रोजेनचे काहीसे संरक्षण असते. पुढे ते ओसरते. गरोदरपणी ज्यांचा रक्तदाब वा साखर वाढली होती, त्यांना पुढील आयुष्यात धोका अधिक असतो. बाळंतपण सुखरूप झाले की ती फाईल मात्र कपाटात जाते ती कायमची.

झटका येतो तेव्हाही छातीत कळ येऊन कोसळणे, हे नाटकातले दृश्य दरवेळी दिसत नाही. छातीवर दडपण बहुतेकांना जाणवते. पण स्त्रियांमध्ये दम लागणे, जबडा, पाठ किंवा खांदा दुखणे, मळमळ, घाम, विलक्षण थकवा ही लक्षणे त्यासोबत, कधी त्याऐवजीही दिसतात. घरात त्याला एकच नाव असते : पित्त. थोडा सोडा, थोडे पाणी, आणि पुन्हा ओट्यापाशी. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कळव्यात तर महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. अंतर असते ते मनात. मुलांचे डबे, नवऱ्याची पाळी आणि सकाळची लोकल यांच्यापुढे स्वतःचे दुखणे सांगण्याचा संकोच असतो.

रोजच्या सवयींपैकी मला सर्वाधिक खटकते ती मशेरी. भाजलेली तंबाखूच ती. पण दात घासण्याच्या नावाखाली घराघरांत प्रतिष्ठित झालेली. पुरुषाच्या बिडीवर बोलणारा समाज आजीच्या मशेरीच्या डबीविषयी मौन पाळतो. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, नाडीची गती आणि रक्तदाब वाढवते. पंचशीलातील पाचवे शील रोज म्हणणाऱ्या घरांनी या डबीचाही विचार करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. मशेरी सुटता सुटत नाही, हे खरे. म्हणूनच रागावण्यापेक्षा डॉक्टरांची मदत मिळवून द्यावी.

मिठाचे तसेच. दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढीच मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, खारवलेली मासळी यांत ती केव्हाच ओलांडली जाते. भाजी संपली की लोणच्याशी भाकरी खाऊन उठणारी घरात बहुधा आईच असते. सर्वांनी एकत्र जेवायला बसणे हा हृदयाचाही उपचार आहे.

‘दिवसभर पायावरच तर असते’ असे भगिनी म्हणतात. परंतु ओट्यापाशी वा गाडीत उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. आठवड्यातून १५० मिनिटे, किंचित दम लागेल अशा गतीने चालायला हवे. खारेगावातून स्थानकापर्यंत रिक्षा टाळता येते. पदपथ मोकळे असतील तर!

वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, म्हणून तो मोजावाच लागतो. १४०/९० च्या वर वारंवार आढळल्यास उपचार हवेत, आणि बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. माझी सूचना साधी आहे. दर पालकसभेच्या दिवशी शाळेच्या एका वर्गखोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे. डॉक्टर वा परिचारिका झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने बसावे, प्रत्येक मातेचा आकडा वहीत लिहावा आणि पुढच्या सभेला तो ताडून पाहावा. वहीतील पहिली नावे मात्र शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींची असावीत.