पुराचा नकाशा बनला, पण भाजीचे वाफे कुठे आहेत?

टांझानियातलं दार-ए-सलाम इतक्या झपाट्याने वाढलं की कित्येक वस्त्या नकाशावर नीट आल्याच नव्हत्या. पूर मात्र पत्ता विचारून येत नाही. म्हणून २०१५ मध्ये तिथे 'रमानी हुरिया' सुरू झालं. स्वाहिलीत याचा अर्थ 'खुला नकाशा'. कॉलेजची मुलं वस्तीतल्या लोकांना घेऊन गल्लोगल्ली फिरली. गटार कुठे तुंबतं, मागच्या वेळी पाणी कुठवर चढलं, हे विचारून माहिती जमवली. घरं, रस्ते, गटारं ओपनस्ट्रीटमॅपवर टाकली. ड्रोनने वरून फोटो काढले. मग इनासेफ हे फुकट सॉफ्टवेअर सांगतं, पूर आला तर साधारण किती घरं पाण्यात जातील.

भारी आहे, पण एक गोची आहे. म्सिम्बाझी नदीच्या पूरपट्ट्यातच लोक राहतात आणि मचिचाही पिकवतात. मचिचा म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी. डिसेंबर २०१५ मध्ये प्रशासनाने या खोऱ्यातली शेकडो घरं पाडली. ती या नकाशामुळे पाडली असं नाही. पण पुराचा डेटा गटार बांधायला वापरता येतो, तसा लोकांना हटवायलाही. आणि ड्रोनच्या फोटोत भाजीचा वाफा म्हणजे नुसता हिरवा, मोकळा प्लॉट!

माझ्या मते घरांइतकेच हे वाफेही मोजायला हवेत. डेटा खुला आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर दार-ए-सलाम उघडा, नदीकाठी झूम करा आणि वाफे सापडतात का बघा.