गावच यंदा आमच्याकडे!



तुमची सहामाही संपली. माझे पेपर तपासायचे अजून बाकी आहेत, तेव्हा खरी सुट्टी तुमचीच! सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी वर्गात नेहमीचा प्रश्न विचारला, "दिवाळीला गावाला कोण कोण जाणार?" भराभर हात वर झाले. शिवडीतली शाळा, म्हणजे अर्धा वर्ग कोकणातला, उरलेल्यात सातारा-कोल्हापूरकडचे. एका मुलीने मात्र हात वर केला नाही. विचारलं तर उभी राहून म्हणाली, "बाई, यंदा आमचं गावच आमच्याकडे येणार आहे!"

सगळा वर्ग खो खो हसला. तिचे आजी-आजोबा दिवाळीला मुंबईत येणार होते, एवढंच. मला मात्र हसू आलं नाही. मागच्या वर्षी आमच्याकडेही असंच गाव आलं होतं. त्याचीच गोष्ट आज सांगते.

माझे आईबाबा कुडाळजवळच्या एका खेड्यात राहतात. मी त्यांची एकुलती एक. दरवर्षी दिवाळीत मी माहेरी जायची, ही रीत. मागच्या वर्षी मला रजेची अडचण होती, म्हणून म्हटलं, तुम्हीच या. फोनवर बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "चेडवाच्या घराक दिवाळी? लोक काय म्हणतले?"

चेडू म्हणजे मुलगी. मुलीच्या सासरी आईबापाने राहू नये, तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं आपल्याकडे पूर्वीपासून मानतात. काही घरांत नातवंड झालं की हा नियम सैल होतो. पण सैल म्हणजे दुपारच्या जेवणापुरता. चार दिवस मुक्काम, तोही दिवाळीत, म्हणजे फारच झालं! मुलगा असता तर बाबा हक्काने आले असते. याचा मला रागही आला आणि वाईटही वाटलं. तुमच्या आईलाही कधी तरी असं वाटलं असेल. विचारून बघा. (पालकांसाठी एक जाता जाता सांगते : आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीचीही आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८७ सालीच सांगितलं आहे. मग दोन घास जेवू घालण्याचा मान तरी तिला का नसावा?)

मग सबबी सुरू झाल्या. भाताची कापणी चालू आहे. गुरांना कोण बघणार? तुळशीकडे दिवा कोण लावणार? शेवटी चुलतकाकांनी सगळं अंगावर घेतलं, आणि आईने एका वाक्यात निकाल लावला, "तुम्ही येऊ नका, मी जाते."

रेल्वेचं तिकीट काही मिळालं नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. पण बाबांची पंचाहत्तरी पूर्ण झालेली. २०२२ सालापासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. "माका फुकट, हिका अर्धा," या आनंदात बाबांनी रात्रभर बसून यायचं कबूल केलं.

परळच्या डेपोत पहाटे आम्ही घ्यायला गेलो. दोन माणसं आणि पाच पिशव्या! एका पिशवीत नव्या भाताचे पोहे. आमच्याकडे नरकचतुर्दशीला लाडू-चकलीपेक्षा पोह्यांचा थाट मोठा : गोडे पोहे, तिखट पोहे, दह्यातले, गूळ घालून नारळाच्या रसातले. दुसऱ्या पिशवीत कागदात गुंडाळलेली कारिटं. हे लहानसं कडू फळ अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. कारीट म्हणजे नरकासुर! दादरच्या बाजारात ती मिळतात हो, पण आईला ते पटलं नाही. आमच्या चाळीत तुळस म्हणजे गॅलरीतला पत्र्याचा डबा. तिच्यापुढे चौथीतल्या आमच्या चिरंजिवांनी एका दणक्यात कारीट फोडलं ते शेजारच्या काकूंच्या रांगोळीवर.

आता खरं सांगते, पहिला दिवस अवघड गेला. आमची खोली १६० चौरस फुटांची. त्यात पाच माणसं. संडास चाळीच्या टोकाला, आणि बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं. चिरंजीव खाटेवरून थेट गॅलरीत झोपायला गेले आणि त्यांचा कार्टूनचा वेळ बातम्यांनी खाल्ला. "आजोबा कधी जाणार?" असं त्याने मला हळूच विचारलं. मी रागावणार होते, पण थांबले. जागा गेली की मोठ्यांनाही राग येतो, मग त्याला आला तर काय चुकलं?

इकडे आईची वेगळीच तऱ्हा. पहाटे चारला उठून नुसती बसून राहायची. तिला काही काम सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पाहुणी ना! दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मला खोबरं तरी खवायला दे, हात आखडले." खोबरं खवायला घेतलं आणि तिची कळी खुलली.

बाबांचं मात्र जमेना. ते खुर्चीच्या टोकावर बसायचे, अर्धी पोळी खाऊन "पोट भरलं" म्हणायचे. मग चिरंजिवांनी त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही आधी मुंबईला आला होता?"

आला होता? अरे, ते १९६८ साली अठराव्या वर्षी बोटीने आले होते, भाऊच्या धक्क्यावर उतरले होते! शिवडीतच गिरणीत लागले. एका खोलीत वीसजण राहायचे. पाळी दिवसाची असेल तो रात्री झोपायचा, रात्रीची असेल तो दिवसा. त्यामुळे खोली कधी रिकामी नाही आणि कधी भरलीही नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. बाबा तेव्हा गावी गेले ते तिथेच राहिले. माझा जन्म त्यानंतरचा.

दुसऱ्या दिवशी नातू आजोबांना शिवडी दाखवायला निघाला आणि आजोबांनीच नातवाला शिवडी दाखवली. खानावळ कुठे होती, भोंगा झाला की कुठल्या गल्लीतून धावायचं, सगळं त्यांच्या पायांना ठाऊक. ओळखीचं फार थोडं उरलं होतं. शेवटी दोघे खाडीकडे गेले. रोहित पक्षी अजून आलेले नव्हते, नुसता चिखल आणि समोर अटल सेतू, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, जवळजवळ २२ किलोमीटर लांब. बाबा बराच वेळ बघत उभे राहिले म्हणे. मग म्हणाले, "आमी बोटीन इलो तेवा हय नुसता पाणी होता."

त्या रात्रीपासून बॅटरी घेऊन आजोबांना चाळीच्या टोकापर्यंत न्यायचं काम चिरंजिवांनी आपणहून घेतलं.

आपल्याकडेच असं घडतं असं नाही हं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. त्या दिवशी मुलं आईवडिलांकडे जेवायला जमतात. पण आईवडील थकले की तेच बॅगा भरून मुलांच्या घरी निघतात. चीनमध्ये नववर्षाला शहरातली माणसं गावी जातात, तशी आता गावाकडची म्हातारी माणसंही उलट दिशेने शहरात येऊ लागली आहेत. तिथल्या आज्याही पिशव्या भरूनच आणत असणार!

भाऊबीजेच्या सकाळी बाबांनी जेवण झाल्यावर ताटाखाली पाचशेच्या चार नोटा ठेवल्या. लेकीकडे फुकट जेवू नये म्हणून. मला कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं, पण बोलता येईना. चिरंजिवांनी नोटा बघितल्या आणि विचारलं, "आजोबा, हॉटेलात ठेवतात तशी टीप का?"

खोलीत कुणीच बोललं नाही. बाबा उठले, नोटा खिशात घातल्या आणि गॅलरीत जाऊन बसले. खूप वेळ बसले. रात्री जेवताना त्यांनी पहिल्यांदाच ताट पुढे केलं आणि म्हणाले, "आणखी एक पुरी वाढ गो."

यंदा ऑगस्टमध्येच त्यांचा फोन आला. रेल्वेचं आरक्षण उघडलं का, ते विचारत होते. कापणी लवकर उरकू म्हणाले. मग नातवाला फोन द्यायला सांगितला आणि विचारलं, "तुझी बॅटरी चालू असा मा?"