बंबाचे तोंड उघडे का असते

थंडी पडायला लागली की मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या फार्महाउसांची कामे ठाणे-कल्याणच्या प्लंबरांकडे येऊ लागतात. मालक राहतो डोंबिवलीत नाहीतर घोडबंदर रोडला, शनिवार-रविवारी तिकडे जातो. कुठल्यातरी व्हिडिओत त्याने भिंतीतली फायरप्लेस पाहिलेली असते. विस्तवामागे पाण्याची टाकी बसवून बाथरूमला गरम पाणी न्यायचे, होईल ना, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

होईल. थंड मुलखांत ही सोय जुनी आहे, तिला बॅक बॉयलर म्हणतात. जाळीच्या मागे लोखंडाची किंवा तांब्याची पेटी, तिच्या तळाशी गार पाण्याचा पाइप, माथ्यावर गरम पाण्याचा, आणि वरच्या मजल्यावर टाकी. पंप लागत नाही, गरम पाणी हलके होऊन आपणहून वर चढते. फायरप्लेस आपल्याला फार तर महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांतून माहीत, पण विस्तवाला पाणी बिलगवून ठेवायची युक्ती मराठी घराला नवी नाही. पुण्याच्या तांबट आळीत घडलेला बंब आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी होता. मधोमध धुराची नळी, खाली जाळी, भोवती पाणी, जळण म्हणून ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या. तो वर्षानुवर्षे न्हाणीघरात धुमसत राहिला आणि फुटला नाही. तांबटाची कारागिरी चांगली होती, हे खरेच. पण मुख्य कारण म्हणजे त्याचे पाणी ओतायचे तोंड कायम उघडे असायचे. पाणी उकळले तर वाफ तिथून निघून जायची. घरच्यांना ओरडा बसायचा तो जळण फुकट घालवल्याबद्दल.

आपण हाच बंब प्रेशरच्या लाइनला जोडतो आणि घोटाळा तिथे सुरू होतो. विजेच्या गीझरला थर्मोस्टॅट असतो, गॅसला कॉक असतो. लाकडाला यातले काहीच नाही. पाहुण्यांनी दोन ओंडके जास्त सारले आणि नळ कोणी उघडला नाही, तरी आग आपले काम करतच राहणार. आता फार्महाउसला प्रेशर पंप, त्याच्यापाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, वर बाथरूमचे सगळे नळ बंद. पाण्याला मागेही जाता येत नाही, पुढेही नाही.

जरा हिशेब करू. लाइनमध्ये 1 किलो दाब असेल तर पाणी शंभरला न उकळता साधारण 120 अंशांपर्यंत तापते. अशा 100 लिटरच्या टाकीचा सांधा सुटला तर पावणेचार लिटरच्या आसपास पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती सहा घनमीटर जागा मागते. चार बाय सहाचे, आठ फूट उंचीचे बाथरूम साडेपाच घनमीटरचेही भरत नाही. उरलेले उकळते पाणी वेगळेच.

ब्रिटनमध्ये याहून फसवा प्रकार घडला. मध्यवर्ती हीटिंग आल्यावर जुने बॅक बॉयलर वापरातून गेले, पाइप तोडून तोंडे बंद केली आणि पेटी भिंतीतच राहू दिली. पुढे कोणीतरी हौसेने तीच फायरप्लेस पेटवली. अशा स्फोटांत माणसे दगावली आणि तिथल्या सुरक्षा यंत्रणेला जाहीर इशारा द्यावा लागला. म्हणून जुनी पेटी वापरातून काढायची असेल तर उखडून काढा. जमत नसेल तर रिकामी करून भोके पाडून ठेवा.

कायदाही याच रेषेवर उभा आहे. बॉयलरच्या कायद्यातून 25 लिटरखालची, 1 किलोहून कमी दाबाची किंवा शंभर अंशांखाली पाणी तापवणारी भांडी वगळलेली आहेत. उघडा बंब त्यात आरामात बसतो. तोच बंद करून दाबाखाली घेतला की ती सूट गृहीत धरता येत नाही. पण भांडे कुठल्या व्याख्येत बसते याने स्फोटात फरक पडत नाही. 23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा पहिल्या बातम्या बॉयलरच्या होत्या, मागाहून तो रिअ‍ॅक्टर असल्याचे पुढे आले. त्या दिवशी काचा फुटलेल्या घरांना या फरकाचे काय!

तेव्हा काम घ्यायचे तर पेटीच्या माथ्यापासून एक इंची नळी सतत चढती न्या. मध्ये व्हॉल्व्ह नको, पोटात पाणी धरणारा बाक नको, आणि तोंड वरच्या उघड्या टाकीवर सोडा. सेफ्टी व्हॉल्व्ह जरूर लावा, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नका, बोअरवेलच्या जड पाण्याने तो क्षार धरून बसतो. प्रेशर पंप गार पाण्याच्या लाइनलाच ठेवा. आणि कृपा करून पेटीला थेट सीपीव्हीसी जोडू नका. त्या पाइपची मर्यादा 82 अंशांची, लाकडावरचे पाणी ती सहज ओलांडते. सुरुवातीचा टप्पा तांब्याचा किंवा जीआयचाच हवा.

शहरातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींवर सोलर वॉटर हीटर बसवायला लावले, आणि सूर्यालाही कॉक नाही. गच्चीवरच्या टाकीची वाफेची नळी ठिबकते म्हणून सोसायटीचा माणूस तिला एंड कॅप मारतो, कधी आपल्यातलाच कोणी मारून देतो. पन्नास रुपयांचे काम. मे महिन्यात सोसायटी गावी गेलेली असते, गरम पाणी कोणी वापरत नाही, आणि टाकी फुगून शिवण सोडते. (बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचा विषय वेगळा. तिथे पाण्याची नव्हे, धुराची वाट अडते आणि कार्बन मोनॉक्साइडने माणूस आवाज न करता जातो. त्यावर स्वतंत्र लिहू.)

एक सोपी सवय सुचवतो. बिलात वाफेची नळी वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे 'ही कशाला?' असे गिऱ्हाईक विचारेल आणि तुम्हाला सांगायची संधी मिळेल. आणि गच्ची सोडण्याआधी नळीच्या तोंडाशी लाल रंगाने मराठीत आणि हिंदीत लिहून या, 'बंद करू नये'. पुढचा फिटर कोण येईल ते सांगता येत नाही.