रॅम वाढवा म्हणे!

लिनक्सवाल्या मंडळींशी भांडायचं म्हटलं तर पहिली अडचण ही, की ती भांडतच नाहीत. ती सल्ला देतात. संगणक मधेच गोठला, माऊस हलेना, कळफलक दाद देईना, आणि आतली हार्ड डिस्क मात्र पिठाच्या गिरणीसारखी घरघरतेय, असं गाऱ्हाणं घेऊन जावं, तर शांतपणे म्हणतात, "रॅम वाढवा." पाहुणे फार झाले म्हणणाऱ्याला "मोठा फ्लॅट घ्या" सांगण्यापैकीच हे!

माझ्या संगणकात ४ जीबी रॅम आहे. 'जुन्या यंत्राला लिनक्स म्हणजे संजीवनी' हे वाक्य याच मंडळींचं. तेव्हा 'वाढवा' हे उत्तर त्यांच्या तोंडी शोभत नाही. शिवाय माझं म्हणणं असं, की खोट रॅमच्या आकारात नाहीच. यजमानाच्या स्वभावात आहे.

हा यजमान म्हणजे कर्नल. (लष्करातला नव्हे. तो वेळीच 'नाही' म्हणाला असता.) कुठलाही प्रोग्राम येऊन जागा मागो, हा म्हणणार, "या की!" पानं दोनशे आणि आमंत्रणं पाचशे. सगळे थोडेच येतात, हा हिशेब. आणि एरवी तो बरोबरही ठरतो. पण एखाद्या संध्याकाळी ब्राउझरबाई तीस टॅबांचं लेंढार घेऊन उतरतात. मग यजमान शिडी लावून सामान माळ्यावर टाकू लागतो. हा माळा म्हणजे डिस्कवरचा स्वॅप. वर टाकलेली परात लगेच लागते, म्हणून ती खाली आणायची, तिच्या जागी पातेलं वर. शेवटी यजमान शिडीवरच, आणि पंगत उपाशी.

"मग स्वॅपच काढून टाका," असं सांगणारेही एक शहाणे असतात. त्यानं आणखी मजा होते. माळा नाही, म्हणून कर्नल चालू प्रोग्रामांचाच मजकूर रॅममधून फेकतो. डिस्कवर प्रत आहेच ना! मीठ दुकानात मिळतंच म्हणून घरातलं फेकायचं, आणि चिमूटभर लागलं की पुन्हा दुकान गाठायचं.

अशा वेळी कुणा एकाची गचांडी धरायला कर्नलकडे 'ओओएम किलर' नावाचा गडी आहे. पण चिमूटभर जरी जागा सुटत असली, तरी कर्नलला वाटतं, चाललंय की! गडी येतो हिंदी सिनेमातल्या पोलिसांसारखा, सगळं आटोपल्यावर. त्याला हाताने बोलवायची कळ आहे, ऑल्ट, सिसआरक्यू आणि एफ. पण बऱ्याच ठिकाणी ती मुळातच बंद केलेली.

बरं, उपाय सापडलेला नाही असंही नाही. प्रोग्राम मेमरीसाठी किती वेळ ताटकळतात हे मोजायची सोय २०१८ च्या ४.२० या कर्नलमध्ये आली. 'अर्लीऊम' नावाचा साधा रखवालदार रॅम आणि स्वॅप दोन्ही दहा टक्क्यांखाली गेले की सर्वांत खादाड प्रोग्रामला बाहेर काढतो. फेडोरानं २०२० साली आपल्या ३२ व्या आवृत्तीत तो आपणहून बसवून दिला, पुढच्या वर्षी त्याच्या जागी 'सिस्टमडी-ऊमडी' आणला. डेबियनसारख्या ठिकाणी मात्र असा रखवालदार अजून आपणच मागून घ्यायचा.

२०२२ साली उबुंटूनं असा रखवालदार ठेवला, तर "न विचारता ब्राउझर मारला हो!" म्हणून ओरड झाली. मारला तर मारला! ब्राउझर पुन्हा उघडला की टॅब परत येतात. मी मात्र त्या घरघरीत बालमित्राच्या पत्नीला लिहीत असलेलं सांत्वनाचं पत्र गमावलं. यंत्र कळ दाबून बंद करावं लागलं, आणि शेवटचे दोन परिच्छेद गेले. "सेव्ह का नाही केलंत?" अहो, असल्या पत्रात माणूस मधे मधे सेव्ह करत बसतो का? आणि ते पुन्हा लिहायला बसलं की पहिल्यासारखं उतरतं का?

तेव्हा रखवालदार सगळीकडे आधीपासूनच दाराशी हवा. बत्तीस जीबीत ऐसपैस बसलेल्यांना तो नको असेल, तर त्यांनी बंद करावा. बंद करायची आज्ञा एका ओळीची आहे. त्यांना पाठही असेल.