विंच किती टनाची ते नंतर, बसवली कशावर ते आधी!

शेतकरी बंधूंनो, कृषी खात्याचा माणूस खतं-बियाणं सोडून जीपच्या विंचवर का लिहायला लागला, असं तुम्हाला वाटेल. पण काळ्या रानात फिरणाऱ्याला रुतलेली गाडी काही नवी नाही. अवकाळी पावसाची एक सर आली की पाणंदीचा चिखल होतो. उसाची ट्रॉली फडातच बसते, दुधाची पिकअप ओढ्याकडेला कलते. पूर्वी बैलांच्या जोड्या जुंपून गाडी काढायचे. पुढे ट्रॅक्टर आणि साखळदंड आला. आता काही गावांत फोर-व्हील जीपच्या तोंडाला बॅटरीवर चालणारी विंच दिसू लागली आहे. सोय चांगलीच आहे. माझी तक्रार विंचबद्दल नाही, ती कशीही ठोकून बसवण्याबद्दल आहे.

गेल्या हंगामात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी कॅनॉलच्या रस्त्यावर पिकअप रुतली. गावातल्या एका जुन्या जीपला नवीकोरी विंच होती, ती बोलावली. रोप ताणला, विंच कण्हायला लागली, आणि कडाड आवाज झाला. विंच शाबूत, रोपही शाबूत. पण ज्या बंपरवर ती बसवली होती तो बंपरच विंचसकट उपटून पिकअपकडे उडाला. मध्ये उभ्या असलेल्या पोराच्या नडगीचे दोन तुकडे झाले. दोन इंच वर बसला असता तर गुडघाच गेला असता. मी तिथेच उभा होतो. ‘ओढा, ओढा’ म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता, हे कबूल करतो. म्हणून हा लेख.

ट्रॅक्टरची साखळी ड्रॉबारलाच लावा, टॉपलिंकला लावू नका, हे आम्ही प्रत्येक शिबिरात सांगतो. वर लावली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि सावरायची वेळ एका सेकंदाच्या आत निघून जाते. विंचलाही हाच न्याय आहे. ओढ किती आहे यापेक्षा ती गाडीच्या कोणत्या अंगावर येते, हे महत्त्वाचं.

विंचवर ९५०० पौंड लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे ४३०० किलो. एवढा ताण विंचच्या चार बोल्टांवर येतो. बंपर हा पत्र्याचा, धक्का खायला केलेला. तो चार टनांची ओढ कुठून सोसणार? म्हणून विंचची प्लेट चॅसीच्या दोन्ही मुख्य पट्ट्यांना धरूनच बसली पाहिजे. प्लेट किमान ६ मिलिमीटर जाडीची हवी. बहुतेक विंचच्या चार भोकांतलं अंतर १० इंच बाय साडेचार इंच असतं, पण भोकं पाडण्याआधी स्वतः मोजून घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेला पाहिजे. भंगारातला साधा बोल्ट चालत नाही. सोबत आलेल्यापेक्षा लांब बोल्ट घातला तर तो आतून विंचचा पाया फोडतो. आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ‘बोल्ट ढिला व्हायला नको’ म्हणून त्यावर वेल्डिंग मारणे. अहो, त्या उष्णतेने बोल्टचं पाणी उतरतं. मजबुती वाढत नाही, कमी होते.

वायरिंगकडेही तेवढंच लक्ष द्या. पूर्ण ताणावर विंच चारशे अँपिअरच्या आसपास वीज ओढते. वायर सायलेन्सरला टेकली किंवा पत्र्याच्या धारेवर घासली तर चिखलात उभी असलेली गाडी पेटायला वेळ लागत नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढा, वायरवर रबरी नळी चढवा आणि हाताशी कट-आउट स्विच बसवा.

आता ताकदीचा हिशोब. विंच निदान गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीची घ्यावी. पण डब्यावरचा आकडा खरा असतो तो ड्रमवर रोपाचा पहिलाच थर उरला असताना. चौथ्या थरावर ताकद जवळपास तिसरा हिस्सा घटते. रुतलेली गाडी चाकापर्यंत बुडाली असेल तर तिच्या वजनाएवढी ओढ लागते, मडगार्डापर्यंत बुडाली तर दुप्पट, असा हिशोब धरतात. म्हणजे उसाने भरलेली ट्रॉली जीपच्या विंचने काढायची गोष्टच सोडा. आधी ऊस उतरवा, चाकापुढची माती खोदा. दोन तासांचे कष्ट परवडले, दवाखाना नाही परवडत.

ओढ कमी पडली तर कप्पी लावावी. कप्पीमुळे ताकद जवळजवळ दुप्पट होते. पण मग रोपाचं टोक स्वतःच्याच गाडीला अडकवावं लागतं. ते चॅसीच्या हुकालाच अडकवा, विंचच्या प्लेटला किंवा बंपरला नाही. झाडाला रोप गुंडाळू नका, रुंद पट्टा वापरा. रोपही वाचेल, झाडही वाचेल. तारेच्या रोपाचे किमान पाच वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, नाहीतर रोप ड्रममधून सुटतो. हातात चामड्याचे मोजे हवेत. ताणलेल्या रोपावर भिजवलेलं गोणपाट टाका, म्हणजे तुटला तरी त्याची झेप कमी होते. आणि मुख्य म्हणजे रोपाच्या रेषेत माणूस नको. रोप जेवढा सोडला आहे त्याच्या दीडपट अंतरावर गर्दी हटवा. तमाशा बघायला पोरं जमतात, त्यांना आधी घरी पिटाळा.

कायद्याचंही थोडं. विंच बसवायची म्हणून जाड लोखंडी बंपर ठोकणारे पुष्कळ आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की असे बुलबार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत, त्यांच्यावर कारवाई करा. नव्या गाडीत एअरबॅगचाही प्रश्न येतो. तेव्हा लोखंड विकत घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या. विंच बसवल्यावर गाडी पाडून ठेवायची वेळ यायला नको.

आता माझं स्पष्ट मत. यात एकट्या गाडीवाल्याला दोष देऊन चालणार नाही. बंपरवर विंच बसवून देणारा फॅब्रिकेशनवाला आपल्याच गावचा असतो. त्याने ‘चॅसीला धरूनच बसवीन, नाहीतर काम घेणार नाही’ असं सांगितलं तर निम्मे अपघात थांबतील. साखर कारखान्यांनी हंगामापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉलीची तपासणी करताना अशा जीपची जोडणीही बघावी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती, की गावात अशी जीप असेल तर मालकाला एकदा बोलावून प्लेट आणि बोल्ट दाखवायला सांगा. एक पाना आणि दहा मिनिटं, यापलीकडे खर्च नाही. आणि पाणंदीच्या दोन्ही बाजूंना चर काढून पाणी वाहतं केलं तर विंचची गरजच निम्मी उरेल.

तो पोरगा आता काठी न घेता चालतो, पण उतारावर पाय ओढतो. दिसला की मला नमस्कार करतो. मला मात्र त्याच्या पायाकडे बघवत नाही. बंधूंनो, पुढच्या पावसात कुणाची गाडी रुतेलच. ‘ओढा’ म्हणायच्या आधी खाली वाकून विंच कशावर बसवली आहे तेवढं बघा.