उभ्या माणसाचं औषध

इन्सुलिन घेते असं कळलं की बायका आधी विचारतात, “दुखत नाही का हो?” नाही दुखत. पेनची सुई आता ४ मिलिमीटरची मिळते. ब्लाउजला हुक लावताना बोटात घुसते ती सुई याहून जास्त रडवते. दुसरा प्रश्नही ठरलेला. “बाई, तुम्ही इतक्या बारीक, तुम्हाला काहून शुगर?” याचं उत्तर माझ्यापेक्षा पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक चांगलं देतील. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजली. इंग्लंडमधलं बाळ जन्मतः सरासरी साडेतीन किलोचं, आपल्याकडचं २.७ किलोचं. पण दिसायला हाडकुळ्या अशा आपल्या बाळाच्या अंगावर चरबी काही त्या मानाने कमी नाही, कमी पडतात ते स्नायू. तेव्हा काटक दिसणाऱ्याला शुगर होत नाही, हा समज सोडलेला बरा. अर्थात हे सगळं मी दारात उभी राहून सांगत नाही. “होते एखाद्याला,” म्हणते आणि विषय बदलते.

इन्सुलिनमधलं सगळ्यात सोपं काम म्हणजे सुई टोचणं. अवघड आहे तो त्यानंतरचा अर्धा तास.

साधं किंवा तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन घेतलं की साधारण अर्ध्या तासाने जेवायचं, असं डॉक्टर सांगतात. सांगायला काय जातं! देऊळगाव राजात बाईमाणसाचा सकाळचा अर्धा तास तिच्या मालकीचा असतो कुठे? सुई घेऊन पोळ्यांचा तवा चढवावा तर गल्लीतून हाक येते, नळ आला. नळ रोज येत नाही, त्यामुळे आला की सगळं टाकून पळायचं. मोटार लावा, पिंप धुवा, हंडे भरा, वरच्या टाकीचा पाइप सुटला तर तो धरून उभं राहा. तोवर पोटात गेलेलं इन्सुलिन आपलं काम करत असतं. हात थरथरायला लागतात, पदर घामाने भिजतो, आणि शेजारणीशी बोलताना तोंडातून भलताच शब्द निघतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग जेवायचं. पण त्या पंधरा मिनिटांत नळ जातो, हे डॉक्टरांच्या तक्त्यात नसतं. म्हणून आमच्या घरात नियम आहे: नळाच्या दिवशी आधी पाणी, मग सुई. सासूबाईंना तो अजून मान्य नाही. सुई लागली म्हणजे माणूस संपत आलं, अशी त्यांची समजूत, आणि संपत आलेल्या माणसाने हंडे कसे भरायचे, हे कोडं त्यांना सुटत नाही.

माझं तरी घरातल्या घरात भागतं. आपल्या तालुक्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं तयार होतं. तिथे फुलांच्या क्रॉसिंगला, म्हणजे परागीकरणाला, बायका सकाळीच जातात. ते काम फुलाच्या वेळेने चालतं, बाईच्या भुकेच्या वेळेने चालत नाही. सात वाजता सुई घेऊन निघालेली बाई भाकरी सोडणार सगळ्यांबरोबर, अकराला. मधे ओणवून काम, वर जाळीतला उकाडा. तिला चक्कर आली की मुकादम म्हणतो, ऊन लागलं. ऊन लागलेलं नसतं. कनवटीला चार खडे साखरेचे बांध, एवढं तिला सांगायला कुणी असतं का? निदान तिच्या चिठ्ठीवर तरी ते लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

इन्सुलिन सांभाळणं हे आणखी वेगळं काम. गावच्या बालाजीच्या यात्रेत घर पाहुण्यांनी भरतं आणि फ्रीज त्यांच्या डब्यांनी. कुणीतरी दुधाच्या पिशवीला जागा करताना इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्याकडे सारतं. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. वितळल्यावर दिसायला पुष्कळदा तसंच दिसतं, गुण मात्र उरलेला नसतो. उन्हाळ्यात याच्या उलट: पारा बेचाळिसाच्या वर आणि लाइट गेलेली. तेव्हा माठाचा उपयोग होतो. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूच्या माठात ठेवली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली राहतं. फोडलेली बाटली एरवीही चार आठवड्यांच्या वर वापरायची नसतेच. तपासणीला जायचं तर आम्हाला बुलढाण्यापेक्षा जालना जवळ. तेवढ्या एसटीतही बाटली पिशवीत, पिशवी मांडीवर. खिडकीतल्या उन्हात नाही आणि इंजिनाजवळ तर नाहीच.

आता पैसे. साध्या इन्सुलिनच्या १० मिलिलिटरच्या बाटलीची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे, त्यामुळे ती दोनशेच्या आत मिळते. तिच्यात ४०० युनिट. दिवसाला ३० युनिट लागणाऱ्याला तेरा दिवस पुरते. पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, म्हणजे दहा दिवस, तेही कागदावर. कारण प्रत्येक वेळी आधी २ युनिट हवेत सोडून सुई चालते का ते बघायचं असतं. दोन वेळचे मिळून महिन्याला १२० युनिट हवेत जातात. पेन सोयीचं आहे यात वाद नाही. पण बाटली-सिरिंजवर भागत असेल तर त्यात कमीपणा कसला? फक्त बाटली ४० ची, म्हणजे मिलिलिटरला ४० युनिटची, तर सिरिंज ४०चीच हवी, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १०० ची असते. १०० चं इन्सुलिन चुकून ४०च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट जातं. दुकानात गर्दी असली तरी टोपण बघितल्याशिवाय मी हलत नाही.

खरा खर्च तपासायच्या पट्ट्यांचा. एक पट्टी वीसेक रुपयांना धरली आणि दिवसातून दोनदा तपासलं तर महिन्याचे बाराशे. म्हणजे औषधाच्या अडीचपटीहून जास्त पैसे औषध लागू पडतंय का ते बघायला! साहजिकच लोक पहिली कात्री पट्टीला लावतात. दुसरी सुईला. एकदा वापरून टाकायची सुई आठवडाभर चालवतात. बोथट सुई दुखते, मग जिथे दुखत नाही तीच जागा धरून ठेवतात. तिथे गाठ येते. गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. साखर वरखाली होते, डॉक्टर युनिट वाढवतात, आणि सुईचे वाचवलेले पैसे बाटलीत जातात. रोज बोटभर जागा सरकवायची, एवढ्याने यातलं पुष्कळ टळतं. त्याला पैसाही लागत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत दिवस जरा बरे आलेत. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठेक रुपयांची गोळी वेगवेगळ्या कंपन्यांनी दहाच्या घरात आणली. म्हणजे ती दहात बनत होतीच. इतकी वर्षं ग्राहकाने काय मोजलं, याचा हिशेब कुणी मांडू नये हेच बरं, उगाच रक्तदाब वाढायचा.

“एवढ्या योजना आहेत की!” असं म्हणणारे भेटतात. आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ते लहानसहान काम नाही. पण योजना सुरू होते ती माणूस दाखल झाल्यावर. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस धरलेत. सोळाव्या दिवशी तो उभा राहतो, दळण आणतो, कामावर जातो, आणि तिथून पुढची बाटली त्याची त्याने घ्यायची. पाय चिघळून खाटेवर पडला की तो पुन्हा योजनेत. देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात आलं. त्यातले बहुतेक उभे आहेत.

आमच्या गल्लीत एक बाई महिनाअखेर युनिट कमी करते. बाटली पुरवून पुरवून वापरते, तेल पुरवावं तशी. नवऱ्याला माहीत नाही, डॉक्टरला तर नाहीच. मी रागावले तर म्हणाली, “बाई, अर्धी का होईना, पोटात तर जाते.” तिला ३० युनिट लागतात असं धरून मी हिशेब केला. वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस बाटल्या, साडेपाच हजारांच्या आसपास. रोजच्या दोन पट्ट्या धरल्या तर सगळं मिळून वीस हजार. हा आकडा पाच लाखांच्या शेजारी मांडून मी एक अर्ज लिहायला घेतलाय. मागणी साधी आहे: सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर, दाखल न होता, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बाटली, सिरिंज आणि पट्ट्या मिळाव्यात. तिन्ही एकत्र लिहिलंय, कारण नुसती बाटली मिळाली तर ती बाई किती युनिट घ्यायचे ते अंदाजानेच ठरवणार. अर्जावर पहिला अंगठा तिचा घ्यायचा विचार होता. तिने सही केली, आणि खाली कंसात लिहिलं: बाटली ४० ची द्यावी.